दोन पॅनपैकी एक सोडताना: कुठला नंबर, कुठे आणि कोणत्या क्रमाने बदलायचा

लग्नाआधी वडिलांनी म्युच्युअल फंडासाठी काढून दिलेला एक पॅन. लग्नानंतर नोकरी लागली तेव्हा सासरच्या नावाने काढलेला दुसरा. पहिला कपाटात, दुसरा पगारात. दहा-बारा वर्षं काही अडत नाही. मग घरासाठी कर्जाचा अर्ज जातो आणि बँकेतला माणूस विचारतो, "मॅडम, तुमच्या नावावर दोन पॅन कसे?"

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात बसतो. अशा फायली माझ्या टेबलावर नेहमी येतात आणि त्यांतली चूक बहुतेक वेळा एकच असते. घाबरून लोक आधी जुना पॅन रद्द करायचा अर्ज टाकतात. तो नंबर कुठेकुठे लागलेला आहे याचा शोध त्यानंतर सुरू होतो. तोवर त्याच नंबरावर कुठेतरी टीडीएस (पैसे हाती येण्याआधीच कापला जाणारा कर) कापला गेलेला असतो, लॉगिन बंद पडलेलं असतं आणि जुनी विवरणपत्रं हाती नसतात.

दोन पॅन बाळगणं कायद्याने चालत नाही. त्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे, त्यामुळे हे काम लांबवू नका. पण दोन-तीन आठवडे तयारीला द्या.

खाली सगळीकडे मी दोनच शब्द वापरले आहेत: "ठेवायचा पॅन" आणि "सोडायचा पॅन". तुम्हीही एका कागदावर हे दोन शब्द आणि त्यांच्यापुढे दोन नंबर लिहून ठेवा. दोन्ही नंबर दहा अक्षरी आणि दिसायला सारखेच. अर्ध्या कामात त्यांची अदलाबदल झालेली मी पाहिली आहे.

आधी एवढं बघा: नंबर खरंच बदलायचा आहे का?

लग्नानंतर नाव बदललं म्हणून पॅन नंबर बदलत नाही. त्याच नंबरावर नावाची दुरुस्ती होते. पॅनमधलं पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, हे कळल्यावर काहीजणी हट्टाने नवा पॅन काढतात: "आता मी कुलकर्णीची पाटील झाले, तर के चा पी नको का?" नको. ते अक्षर नंबर मिळाला त्या दिवशीच्या आडनावाचं असतं आणि तसंच राहतं.

दुसरा गोंधळ मधल्या नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव नवऱ्याचं होतं, पण पॅनच्या अर्जातल्या वडिलांच्या नावाच्या रकान्यात वडिलांचंच नाव लागतं, लग्न झालेलं असो वा नसो. तिथे नवऱ्याचं नाव भरलेले अर्ज अडतात. मग वैतागून माणूस नवा अर्ज करतो आणि दुसरा पॅन तयार होतो.

तिसरी वाट आधारवरून झटपट मिळणाऱ्या ई-पॅनची. जुन्या पॅनला आधार जोडलेलं नसेल तर यंत्रणेच्या लेखी तुमच्याकडे पॅन नाहीच. ती नवा देऊन टाकते.

एकच नंबर चुकून दोन माणसांना गेला म्हणून खात्याने स्वतःच तुम्हाला नवा दिला असेल, तर काय ठेवायचं हा प्रश्न उरत नाही. पुढची १ आणि ३ क्रमांकाची तयारी करा आणि मग थेट ५ वर जा.

१. यादी: सोडायचा नंबर कुठेकुठे लागला आहे

या पायरीला एक अख्खी संध्याकाळ द्या. आठवणीवर यादी करू नका, कागदांवरून करा.

सुरुवात २६एएस आणि एआयएस या आयकर खात्याकडच्या तुमच्या दोन विवरणांपासून. ई-फायलिंग पोर्टलवर दोन्ही पॅनने लॉगिन करून मागच्या तीन-चार वर्षांचं बघा. ज्यांनी कर कापला आणि ज्यांनी तुमचे व्यवहार कळवले, त्यांची नावं तिथे येतात. विसरलेलं बँक खातं बहुतेक वेळा इथेच सापडतं. सोडायच्या पॅनचं लॉगिन कधी काढलंच नसेल, तर तो नंबर ज्या बँकेत लागला आहे तिच्या नेट बँकिंगमधून २६एएस बघता येतं.

त्यानंतर पासबुकं, मुदत ठेवीच्या पावत्या, विम्याच्या पॉलिसी, फंडांची एकत्रित विवरणपत्रं, डीमॅटचं विवरण, कर्जाची कागदपत्रं, पगाराची स्लिप. घर किंवा जमीन घेतली असेल तर दस्त आणि सूची क्रमांक २. व्यवसाय असेल तर जीएसटी आणि उद्यमची प्रमाणपत्रं.

यादीत चार रकाने ठेवा: कुठे, कोणत्या नावाने, कोणता पॅन, खात्यात पहिलं नाव कोणाचं. चौथा रकाना लोक सोडून देतात. संयुक्त ठेवीत व्याज आणि टीडीएस पहिल्या नावाच्या पॅनवर जातात. आईच्या ठेवीत तुमचं नाव दुसरं असेल तर तिथे घाई नाही. पहिलं असेल तर घाई आहे.

तपासा: एकाच बँकेत तुमचे दोन ग्राहक क्रमांक आहेत का? माहेरच्या गावच्या शाखेतलं खातं एका क्रमांकाखाली आणि नोकरीच्या गावचं दुसऱ्याखाली, हे सर्रास असतं. पॅन ग्राहक क्रमांकाला चिकटतो, खात्याला नाही. एका शाखेत दिलेला अर्ज दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचतच नाही.

२. कोणता ठेवायचा

"जुना तोच खरा" असा नियम नाही. मी या क्रमाने बघतो:

आधार कोणाला जोडलेलं आहे? एक आधार एकाच पॅनला जोडता येतं. जोडलेला पॅन ठेवला तर निम्मं काम वाचतं.

विवरणपत्रं कोणत्या पॅनवर भरली आहेत? ज्यावर कर भरल्याचा इतिहास आहे, पुढे ओढायचा तोटा आहे, जुनी नोटीस किंवा अपील आहे, तो सोडणं महागात पडतं.

जीएसटी क्रमांक कोणावर आहे? पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांकात पहिले दोन आकडे राज्याचे, म्हणजे महाराष्ट्राचे २७ आणि गोव्याचे ३०, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅनच. जीएसटीच्या नोंदणीत दुरुस्ती करून पॅन बदलता येत नाही. नवी नोंदणीच घ्यावी लागते. त्यामुळे धंदा चालू असेल तर बहुधा हाच मुद्दा निकाल लावतो.

कर्ज कोणावर आहे, हे शेवटी.

बहुतेकांच्या बाबतीत पहिली दोन उत्तरं एकाच नंबराकडे बोट दाखवतात. आधार एकाला आणि विवरणपत्रं दुसऱ्यावर अशी गाठ असेल, तर तुमच्या अधिकारक्षेत्रातल्या आयकर अधिकाऱ्याकडे अर्ज करून आधार आधी सोडवून घ्यावं लागतं. पोर्टलवर एक बटण दाबून ते सुटत नाही.

सावध: दोन्ही पॅनवर वेगवेगळं उत्पन्न दाखवून दोन विवरणपत्रं भरली असतील, किंवा एकावरचं उत्पन्न कुठेच दाखवलं नसेल, तर इथे थांबा आणि सीएकडे जा. उत्पन्न एकत्र केल्यावर कर वाढतो का, जुन्या वर्षांसाठी सुधारित भरणा करावा लागतो का, हे आधी ठरवायला हवं. अपडेटेड रिटर्न (मुदत गेल्यावर भरायचं सुधारित विवरणपत्र) भरायला आता ४८ महिन्यांपर्यंत मुदत मिळते, पण उशिरागणिक जादा कराचा टक्का चढत जातो.

३. सोडायच्या पॅनचं दप्तर उतरवून घ्या

पॅन रद्द झाला की त्याचं लॉगिन गेलं. त्यामुळे अर्जाआधी हे सगळं उतरवून ठेवा:

- भरलेली सगळी विवरणपत्रं, त्यांच्या पोचपावत्या आणि खात्याने पाठवलेल्या सूचना
- मिळतील तेवढ्या वर्षांची २६एएस आणि एआयएस
- भरलेल्या कराची चलनं
- ई-कार्यवाहीतल्या नोटिसा आणि दिलेली उत्तरं
- दोन्ही कार्डांच्या दोन्ही बाजूंचं स्कॅन

परतावा यायचा बाकी असेल तर तो खात्यात जमा होईपर्यंत पुढची पायरी थांबवा. हा एक उशीर चालतो. परतावा अडकलेला असताना नंबर सोडला, तर त्यासाठी पुढे किती फेऱ्या माराव्या लागतील सांगता येत नाही.

आणखी एक गैरसमज इथेच दूर करतो. आधार न जोडल्यामुळे १ जुलै २०२३ पासून बरेच पॅन "निष्क्रिय" झाले. काही लोक म्हणतात, "माझा जुना तर आपोआप बंदच पडला, सोडायचं काय?" निष्क्रिय म्हणजे रद्द नव्हे. तो नंबर खात्याच्या दप्तरात तुमच्याच नावावर आहे. उलट त्यावर चालू असलेल्या ठेवीच्या व्याजातून १० ऐवजी २० टक्के कापले जातात. आणि दंड भरून तो आधारला जोडायला जाऊ नका. तुमचं आधार दुसऱ्या पॅनला जोडलेलं असेल तर ते होणारच नाही, आणि जोडलेलं नसेल तर हजार रुपये भरून नको त्या पॅनचं लग्न लावून बसाल.

४. नाव एकसारखं करा

क्रम असा: आधी आधार, मग ठेवायचा पॅन, मग बँक. आधारवर अजून माहेरचं नाव असेल आणि पॅनवर सासरचं, तर आधार-आधारित ई-सहीने भरलेला अर्ज नाव जुळत नाही म्हणून अडतो. ज्या नावाने पुढे जगायचं आहे ते आधी आधारवर आणा. लग्नामुळे नाव बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र चालतं. इतर कारणाने बदललं असेल तर राजपत्रातली प्रसिद्धी लागते.

स्पेलिंग अक्षर न् अक्षर बघा. मराठीत नाव एकच, पण इंग्रजीत एकीकडे शेवटी एक "ए" आणि दुसरीकडे दोन, यावर मी लोकांचे महिने गेलेले पाहिले आहेत.

५. जिथे पैसा कापला जातो तिथे आधी

आता खरं काम. पॅन सोडायचा अर्ज अजूनही भरलेला नाही, हे लक्षात असू द्या. आधी सोडायच्या नंबरावर नवी नोंद पडायची थांबवायची. नळ बंद केल्याशिवाय फरशी पुसून उपयोग नाही.

पगार. आस्थापना विभागाला लेखी अर्ज, सोबत ठेवायच्या पॅनची प्रत. सरकारी कार्यालयात सेवार्थ आणि शाळांमध्ये शालार्थ प्रणालीत पॅन भरलेला असतो. तो तुमच्या हातात नसून कार्यालयाच्या किंवा मुख्याध्यापकांच्या लॉगिनमध्ये असतो. म्हणून "क्लार्कना सांगितलंय" यावर थांबू नका. पुढच्या महिन्याच्या वेतनपत्रकावर नंबर बदललेला डोळ्यांनी बघा.

पगाराचा पॅन बदलला तरी टीडीएसचं तिमाही विवरण वेगळंच माणूस भरतो, बहुतेकदा बाहेरचा सल्लागार. त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये जुना नंबर तसाच राहतो. अर्जात एक वाक्य मुद्दाम लिहा: "टीडीएसच्या तिमाही विवरणातही हाच पॅन वापरावा." चालू वर्षाच्या आधीच्या तिमाहीत सोडायच्या पॅनवर कर कापून गेला असेल, तर त्या तिमाहीचं दुरुस्ती विवरण भरायची विनंती त्याच अर्जात करा. ते काम फक्त कर कापणाराच करू शकतो. तुम्ही नाही, आयकर खातंही नाही.

भविष्य निर्वाह निधी. यूएएनच्या (निधीतल्या तुमच्या सदस्य क्रमांकाच्या) पोर्टलवर केवायसीत ठेवायचा पॅन भरा आणि कंपनीकडून मंजूर करून घ्या. नाव यूएएनवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, म्हणून ४ क्रमांकाची पायरी आधी.

बँका. प्रत्येक बँकेत, प्रत्येक ग्राहक क्रमांकासाठी वेगळा केवायसी अर्ज. दोन क्रमांक असतील तर ते एकत्र करून द्या असंही त्याच अर्जात लिहा. व्याजावर कर कापू नये म्हणून वर्षाच्या सुरुवातीला दिलेला फॉर्म सोडायच्या पॅनवर असेल, तर तो ठेवायच्या पॅनवर नव्याने द्या.

नागरी सहकारी बँकेत पॅन कधीकधी दोन ठिकाणी असतो: संगणकात आणि ठेवीच्या फायलीतल्या झेरॉक्सवर. शाखेतला ओळखीचा माणूस "झालं ताई" म्हणतो ते फायलीबद्दल असू शकतं. ठेवीचं व्याज प्रमाणपत्र मागा. त्यावर छापलेला नंबर खरा.

पोस्टातली पीपीएफ, सुकन्या, ज्येष्ठ नागरिक योजना यांनाही पॅन लागतो. तिथे पासबुक आणि दोन्ही कार्डांच्या प्रती घेऊन जा. मुलीच्या सुकन्या खात्यात पालक म्हणून तुमचा पॅन असेल, हे विसरू नका.

घरभाडं, कमिशन, क्लासची फी देणारी संस्था असं जे कोणी तुमचा कर कापतं, त्या प्रत्येकाला लेखी कळवा.

तपासा: पगार, ठेवी आणि इतर उत्पन्न या तिन्हींकडून ठेवायच्या पॅनची लेखी किंवा छापील खूण हाती आली का? मगच पुढे.

६. सोडायचा अर्ज

यासाठी वेगळा "रद्द करण्याचा फॉर्म" नाही. पॅनमधल्या बदल-दुरुस्तीचाच अर्ज वापरायचा. तो प्रोटीन किंवा यूटीआयआयटीएसएल या दोन संस्थांच्या पोर्टलवर भरता येतो. कुठल्याही एकीकडे भरा, दोन्हीकडे नको.

सुरुवातीला जो पॅन विचारला जातो तिथे ठेवायचा पॅन. शेवटाकडे "चुकून मिळालेले इतर पॅन" अशा अर्थाचा रकाना येतो, तिथे सोडायचा पॅन. सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात महाग चूक इथे होते. डोक्यात "हा रद्द करायचाय" एवढंच असतं, आणि माणूस वरच्या रकान्यात नेमका तोच लिहून मोकळा होतो. पहिल्या कागदावर लिहिलेले दोन नंबर शेजारी ठेवूनच हा अर्ज भरा.

रकान्यांच्या डाव्या बाजूला टिकचे चौकोन असतात. जे बदलायचं आहे त्याच्यापुढेच टिक करा. सगळीकडे टिक केली तर प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागितला जातो.

शुल्क शंभर रुपयांच्या आसपास आहे. ई-सही चालली तर कागद पाठवावे लागत नाहीत. कागदी मार्ग घेतला तर प्रोटीनची सही-फोटोची पोच आणि पुरावे त्यांच्या पुण्याच्या कार्यालयात १५ दिवसांच्या आत पोचायला हवेत. स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपा. पोच क्रमांक १५ अंकी असतो. त्याचा फोटो काढून स्वतःलाच पाठवून ठेवा.

सावध: काही दिवसांत नवं छापलेलं कार्ड घरी येतं. त्याचा अर्थ तुमची दुरुस्ती झाली एवढाच. सोडायचा पॅन खात्याच्या दप्तरातून निघाला असा त्याचा अर्थ नाही. अर्ध्याहून अधिक लोक इथेच थांबतात. माझ्या टेबलावर ज्या फायली दुसऱ्यांदा येतात त्या जवळपास सगळ्या याच कारणाने.

७. आयकर अधिकाऱ्याला पत्र

सोडायचा पॅन प्रत्यक्षात काढून टाकण्याचं काम तुमच्या अधिकारक्षेत्रातल्या आयकर अधिकाऱ्याकडे असतं. ई-फायलिंग पोर्टलवर लॉगिन न करताही "तुमचा अधिकारी कोण" हे शोधण्याची सोय आहे. दोन्ही नंबर टाकून बघा. एक कोल्हापूरला आणि दुसरा ठाण्याला असं निघालं तर आश्चर्य वाटायला नको. पॅन काढताना दिलेल्या पत्त्यावरून अधिकारी ठरलेला असतो. पत्र सोडायच्या पॅनच्या अधिकाऱ्याला, प्रत ठेवायच्या पॅनच्या अधिकाऱ्याला.

पत्र एका पानाचं पुरे. त्यात हे हवं: दोन्ही पॅन, जन्मतारीख, वडिलांचं नाव, दुसरा पॅन कसा निघाला हे दोन वाक्यांत, कोणता ठेवायचा आणि का, म्हणजे आधार जोडणी आणि विवरणपत्रांची वर्षं, सोडायच्या पॅनवर कोणती देणी, परतावा किंवा कार्यवाही बाकी नाही हे, आणि असेल तर काय, दुरुस्ती अर्जाचा पोच क्रमांक आणि तारीख, आणि तो पॅन यापुढे वापरणार नाही अशी हमी. सोबत दोन्ही कार्डांच्या, आधारच्या आणि विवाह प्रमाणपत्राच्या स्वसाक्षांकित प्रती.

कारण लिहिताना गोष्ट रचू नका. "लग्नानंतर नाव बदलायचं म्हणून अर्ज केला, नवा नंबर मिळतो हे माहीत नव्हतं" हे खरं असेल तर तेवढंच लिहा. "माहीत नाही कसा आला" असं लिहिलं की पुढचे प्रश्न वाढतात.

पत्र आयकर सेवा केंद्राच्या खिडकीवर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का घ्या. पुढे बँक, फंड किंवा कर्जदाता पुरावा मागेल तेव्हा ही शिक्का मारलेली प्रतच कामाला येते. परगावी किंवा परदेशी असाल तर पोर्टलवर तक्रार निवारणात हेच पत्र जोडून नोंदवा, तिथेही क्रमांक मिळतो.

तपासा: महिनाभराने पोर्टलवर "पॅनची स्थिती पडताळा" या सेवेत सोडायचा पॅन, पूर्ण नाव, जन्मतारीख आणि मोबाइल टाका. नाव त्या पॅनवर आहे तसंच, म्हणजे माहेरचं असेल तर माहेरचं. अजून चालू दाखवत असेल तर आवक शिक्क्याचा दाखला देऊन स्मरणपत्र. दोन-तीन स्मरणपत्रं लागणं नेहमीचंच आहे.

८. गुंतवणूक, कर्ज, धंदा

म्युच्युअल फंड. फंडांची केवायसी पॅनवरच उभी असते. म्हणून आधी ठेवायच्या पॅनवर केवायसी नव्याने करून ती मंजूर झाल्याचं बघा, मग प्रत्येक फोलिओत, म्हणजे फंडातल्या तुमच्या खात्यात, पॅन बदलण्याचा अर्ज द्या. बहुतेक फंडांचं काम कॅम्स किंवा केफिनटेककडे चालतं, त्यामुळे अर्ज त्यांच्या सेवा केंद्रात देता येतात. सोबत दोन्ही कार्डं आणि ७ क्रमांकाची शिक्क्याची प्रत.

सावध: "जुन्या पॅनवरचे युनिट विकून टाका आणि नव्यावर घ्या, कटकट नको" असा सल्ला हमखास मिळतो. विक्री म्हणजे विक्री. भांडवली नफ्यावर कर बसतो. वडिलांनी बारा वर्षांपूर्वी सुरू केलेल्या फंडात तो लहान आकडा नसतो.

डीमॅट. डीपीला, म्हणजे डीमॅट खातं सांभाळणाऱ्या संस्थेला, आधी विचारा, त्याच खात्यात पॅन बदलून मिळतो की ठेवायच्या पॅनवर नवं खातं उघडून शेअर हलवायचे. हलवायचे असतील तर जुन्या खात्यातली खरेदीची तारीख आणि भाव यांची यादी आधी काढून ठेवा. नव्या खात्यात शेअर दिसतात, त्यांची खरेदी किंमत बरेचदा दिसत नाही. पाच वर्षांनी विकताना ती कुठून आणणार?

कर्ज आणि क्रेडिट अहवाल. कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या कंपनीकडे थेट धावू नका. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चौघांकडे माहिती बँकाच पाठवतात, आणि बँकेने दुजोरा दिल्याशिवाय ते ती बदलत नाहीत. म्हणून आधी कर्ज देणाऱ्या बँकेकडे आणि क्रेडिट कार्डाच्या कंपनीकडे पॅन दुरुस्त करा. जानेवारी २०२५ पासून बँकांनी दर पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, त्यामुळे महिनाभर थांबून अहवाल काढा. तरीही दोन नोंदी दिसल्या तर तक्रार नोंदवा. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. बंद झालेलं जुनं कर्जही तपासा, ते सोडायच्या पॅनवरच पडून राहतं.

विमा आणि एनपीएस. एकेक अर्ज, फार अडत नाही. पॉलिसीवरचं नावही त्याच वेळी सरळ करा.

धंदा. जीएसटीचं वर सांगितलं. आयात-निर्यात कोड पॅनवरच असतो. कंपनीत संचालक असाल तर संचालक क्रमांकातली नोंद आणि डिजिटल सही, दोन्हींत पॅन असतो. डिजिटल सही नव्याने घ्यावी लागते. हे काम कंपनी सचिवाकडून करून घ्या, इथे स्वतः प्रयोग नकोत.

डिजिलॉकर. जुनं पॅन कार्ड काढून नवं ओढून घ्या. विसरलात तर कुठल्याशा ॲपमध्ये एका टिचकीत जुनाच नंबर जाईल.

९. हे बदलायला जाऊ नका

नोंदणी झालेलं खरेदीखत, सूची क्रमांक २, जुने फॉर्म १६, भरलेली विवरणपत्रं. त्या दिवशी जो नंबर होता तो त्यात राहणार. दुय्यम निबंधकाकडे पॅन बदलण्यासाठी चुकदुरुस्ती पत्र करायला निघालेल्या एका काकांना मी जिन्यात अडवलं होतं.

त्याऐवजी एक छोटं पाकीट तयार करा: शिक्क्याचं पत्र, दुरुस्ती अर्जाची पोच, सोडायच्या कार्डाची प्रत तिच्यावर तिरकी रेघ मारून, आणि दोन्ही नंबर एकाच व्यक्तीचे असल्याचं प्रतिज्ञापत्र. हे पाकीट घराच्या दस्तासोबत ठेवा. घर विकताना खरेदीदाराचा वकील विचारेल तेव्हा ते पुढे करायचं. मूळ जुनं कार्ड उत्साहाच्या भरात कात्रीने कापू नका. अधिकाऱ्याने मागितलं तर जमा करायचं आहे.

१०. दोन तिमाही नजर ठेवा

ठेवायच्या पॅनच्या ई-फायलिंग खात्यात बँक खाती नव्याने पडताळून घ्या, कारण परतावा पडताळलेल्या खात्यातच येतो. मग पुढच्या दोन तिमाहींची टीडीएस विवरणं भरली गेली की २६एएस उघडा आणि पहिल्या पायरीतली यादी हातात घेऊन एकेक नाव जुळवा. यादीतलं जे नाव तिथे आलं नाही, तिथे अजून जुनाच नंबर चालू आहे असं समजा आणि त्या कार्यालयात जा.

विवरणपत्र भरायची तारीख जवळ आली आणि एखाद्या तिमाहीचा कर अजून सोडायच्या पॅनवरच दिसत असेल, तर उत्पन्न मात्र पूर्ण दाखवा. जमा न दिसणाऱ्या कराचा दावा कसा करायचा ते सीएला विचारून ठरवा आणि कर कापणाऱ्याकडे दुरुस्ती विवरणाचा तगादा लेखी चालू ठेवा. फोनवर केलेल्या विनंतीची तारीख कोणाला आठवत नसते. ईमेलची असते.